मोत्याची नजर

समोरच्या गॅलरीत शेजारचे काका सफरचंद कापत बसलेत. सुरीच्या टोकानं एकेक बी काढून बाजूला ठेवतात आणि मगच फोड आपल्या कुत्रीपुढे धरतात. "बिया बाधतात हो तिला," असं परवा मला म्हणाले होते.

आमच्या घरी काळजी होती, पण ती वेगळीच. मुक्या जिवासमोर एकट्यानं खाल्लं की त्याची नजर लागते, पोट दुखतं, असं आई सांगायची. त्यामुळे आमच्या मोत्याला सगळ्यातला वाटा मिळे. एका उन्हाळ्यात घरी द्राक्षांची पेटी आली. मी एक तोंडात टाकलं की आई म्हणायची, "अगं, बघतोय तो. दे त्याला." मी देठ काढून, धुऊन, अख्खा घड त्याला भरवला.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग तो पाण्यालाही तोंड लावेना. गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "द्राक्षं दिली होती का? कुत्र्यांची मूत्रपिंडं जातात त्यानं. एखादंसुद्धा द्यायचं नसतं." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आपल्याला नजर लागेल, एवढीच भीती होती आम्हाला. त्याला काय लागेल, हे मनातही आलं नव्हतं.

काकांची कुत्री फोड संपवून पुन्हा मान वर करून बघतेय. मोत्याही दारात बसून अस्साच बघायचा.

आता आमच्याकडे कुत्रा नाही. तरी द्राक्षं खाताना आई अजून दाराकडे पाठ करून बसते.