लाल लालमध्ये, काळी काळीत

"आई, तुम्ही वायरींना हात तर नाही ना लावला?" माझ्या सुनेनं, वृंदानं, विचारलं. मी गहू निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय करायचंय तुझ्या वायरींशी?"

खोटं बोलले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — माझ्या मुलालाही नाही.

मी चौथी पास. वृंदाचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगते. धारला आमच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर वीज मोजायचे दोन मीटर होते, दिसायला अगदी सारखे. ते कॉम्प्युटरला जोडलेले. तिनं लिहिलेला प्रोग्रॅम त्यांना हुकूम सोडायचा, आकडे टिपून ठेवायचा. हा प्रोग्रॅम तिनं सगळ्यांना खुला ठेवला होता — कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, सुधारावा. कुठकुठल्या देशांतली माणसं तो वापरत. त्यांच्यात एक रीत होती: ज्याची चूक, त्यानं ती आपल्या नावानिशी सगळ्यांसमोर लिहायची. ही रीत मला तेव्हाही ठाऊक होती.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. वृंदा देवासला गेली होती. जाताना सांगून गेली, टेबल सोडून काहीही हलवा, चार दिवसांची तपासणी चालू आहे. पण मागल्या वर्षी शेजारच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "काय हो, सुनेनं घरात बिजलीघर उघडलं का?" बायका हसल्या होत्या. ते मला लागलं होतं. गौर मांडायला दुसरी जागा नव्हती का? होती. ते टेबल बायकांच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं, एवढंच.

मीटरमधल्या वायरी उपसल्या, टेबल कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. बायका पन्हं पिऊन गेल्यावर टेबल जागेवर आणून वायरी परत खोचल्या — लाल लालमध्ये, काळी काळीत. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले. कुठली वायर कुठल्या मीटरची, हे पाहिलंच नाही.

वृंदा आली ती थेट आकडे बघत बसली. म्हणाली, हळदीकुंकवाच्या दुपारी थोडा वेळ आकडेच नाहीत, वीज गेली असेल; पण तेव्हापासून या मीटरचे आकडे त्या मीटरच्या नावावर पडताहेत. मला लगेच कळलं. मग तिनं तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं.

एवढ्यावर थांबले असते तर? तिनं वायरी पाहिल्या असत्या, उलगडा झाला असता. पण तपासणी बंद करून ती हातपाय धुवायला गेली — आणि मी उठून वायरी सरळ करून ठेवल्या. ती आली तेव्हा मी गहू निवडत होते.

तिनं वायरी तपासल्या. वायरी बरोबर, म्हणजे चूक प्रोग्रॅमची. तिनं माझ्यासमोर बसून लिहिलं, मला वाचूनही दाखवलं: "चूक माझी आहे. प्रोग्रॅम मीटरांची नावं उलटीपालटी करतो. सापडेपर्यंत वापरू नका."

मी म्हणाले, "जेवून घे."

पावसाळाभर ती शोधत होती. नसलेली चूक सापडणार कशी? इतरांनीही शोधली, कुणाला काही मिळालं नाही. लोक तिला म्हणाले, चालू ठेव. ती म्हणायची, माझाच भरवसा उरला नाही. शेवटी तिनं ते काम सोडलं, मीटर देऊन टाकले.

मी भीत होते का? कुणाला? वृंदा मला कधी उलटून बोलली नाही.

त्या टेबलावर आता माझी औषधं असतात. वृंदा देवासला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिनं आपल्या नावानं लिहिलेलं अजून तिथेच आहे, कुणालाही वाचता येतं. ती चूक माझी होती. भोगली वृंदानं.