ओव्हाळांचं मधलं मॉडेल

पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत धम्मरत्न ओव्हाळांचं दार माझ्या दारासमोर आहे. एकोणीस वर्षांचा शेजार. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात. ते चाकणला, डोंगरात चढणाऱ्या उंच जीपगाड्या जिथे बनतात त्या कंपनीत, अंतिम तपासणीला. दोघांचीही निवृत्ती जवळ आलेली. त्यांची माझ्याआधी दहा महिने.

तयार झालेली गाडी लाइनच्या शेवटी पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यात येऊन उभी राहायची. ओव्हाळ तिच्याभोवती एक फेरी मारायचे. रंगावरचा केसाएवढा ओरखडा, दाराच्या फटीतला फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग पाण्याचा फवारा आणि नंतर आवारातल्याच ट्रॅकवर चार मिनिटांची चक्कर. चढ, खड्डे, ब्रेक, झालं. त्यांनी सही केली की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात. रंगाला काही घासू नये म्हणून तिथे कोणी अंगावर धातू घालत नाही. बकलवर कापडी खोळ असते. ओव्हाळांची लग्नातली अंगठी त्यामुळे पंधरा वर्षं कस्तुरावहिनींच्या कपाटात होती.

"राव, लाखभर गाड्या चालवल्या मी," ते म्हणायचे, "पण चौथा गिअर टाकायला जागा मिळाली नाही कधी."

स्वतःची त्यांच्याकडे स्कूटर होती. गाडी घ्यायची ती एकदाच, आपण बनवतो तीच, आणि निवृत्तीनंतर ती स्वतः चालवत मावळातल्या कच्च्या रस्त्यांनी डोंगरावर न्यायची, हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यांची मुलगी मिनल लहानपणी निबंधातसुद्धा ते लिहून आली होती. तिचं वय आता सव्वीस. हिंजवडीला नोकरी करते आणि मैत्रिणीच्या गाडीवर शिकून तिने लायसन्स काढलेलं आहे.

निवृत्ती झाली त्याच आठवड्यात ओव्हाळ शोरूममधून माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. गाडी एकच, पण तीन प्रकारांत. बेस मॉडेलला फक्त मागच्या चाकांना जोर. मधल्याला चारही चाकांना जोर, म्हणजे फोर बाय फोर. टॉपला फोर बाय फोर आणि त्यावर कॅमेरे, सेन्सर, मोठा पडदा, कातडी सीट, उघडणारं छत.

खरेदी विभागात आम्ही तीन कोटेशनं आली की तुलनातक्ता करतो. तसाच मी करून दिला. बावीस ओळी, तीन रकाने आणि शेवटी एक मोकळा रकाना. "तुम्हाला जे खरंच लागणार आहे, तेवढ्यावर खूण करा," मी म्हणालो. "मग आपोआप ठरेल."

कस्तुरावहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, चार चाकं आणि वर छत असलं की झालं. बेस घ्या म्हणावं."

"आई, बेसला फोर बाय फोर नाही. मग डोंगरावर ढकलत नेणार का? तू ढकलणार?" मिनल त्यांच्यामागून म्हणाली.

"तुझ्या बापाला ढकलतेच आहे तीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला. छत, कातडी सीट, गाण्याची यंत्रणा, सगळ्यापुढे रिकामं. खुणा सातच होत्या. चहूबाजूंचे कॅमेरे. बाजूने कोणी आलं तर आरशात लागणारा दिवा. समोर अडथळा दिसला तर आपोआप लागणारा ब्रेक. पुढचे-मागचे सेन्सर. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला तर वाजणारा इशारा. अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे. मोठा पडदा. सातही गोष्टी फक्त टॉपला होत्या.

चपलेचा अंगठा तुटला तर शिवून दोन वर्षं वापरणारा हा माणूस. टॉप मॉडेल त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. एखाद्या विभागाला ठरावीकच पुरवठादार हवा असला की ते अटी तशा लिहून पाठवतात. असे कागद मी आयुष्यभर वाचले आहेत. या सात खुणा एकाच कामाच्या होत्या, बघण्याच्या. माझ्या ते लक्षात आलं. वय झालं की माणूस सावध होतो, असं स्वतःला सांगून मी तक्ता फाइलला लावला.

खरं तर मला आणखीही माहीत होतं. निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांनी अर्ज करून तपासणीतून भांडारात बदली घेतली होती. दुपारी ते डोळ्यांत थेंब घालायचे आणि म्हणायचे, चाकणची धूळ. पार्किंगमध्ये मी त्यांच्या डाव्या बाजूने गेलो तर हाक मारेपर्यंत ते वळत नसत. या तिन्ही गोष्टी मी एकत्र मांडल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं शोरूमला गेलो. सिद्धेश नावाचा पस्तिशीचा, हसतमुख विक्रेता होता. त्याने टॉप मॉडेल बाहेर काढलं. मोशीच्या पुढे एका मोकळ्या माळावर ते गिऱ्हाइकांना खड्ड्यांतून गाडी फिरवायला देतात. तिथपर्यंत सिद्धेशनेच नेली, मग ओव्हाळ बसले. सिद्धेश त्यांच्या शेजारी आणि मी मागे, डाव्या बाजूला.

माळावर त्यांनी गाडी अशी चालवली, की सिद्धेशचं बोलणं बंद झालं. चर आला की ते पाय उचलून घेत, चाक हळूच खाली उतरे, पलीकडचं चाक पकड घेई, मग अलगद दाब. एकदाही हिसका नाही. "सर, तुम्ही आम्हाला शिकवायला या," सिद्धेश म्हणाला. ओव्हाळ हसले. तेवढा मोकळा चेहरा मी त्यांचा त्याआधी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"आता रोडवर घ्या सर. चौथा गिअर बघा कसा पडतो."

रस्त्यावर आलो. दुसरा, तिसरा, चौथा. पडद्यावर चहूबाजूंचं चित्र सरकत होतं, मी ते बघत होतो. डावीकडे एका कंपनीचा फाटा होता. ओव्हाळ तिकडे वळायला लागले आणि आरशात लाल दिवा लागला, गाडी कर्कश वाजली. ओव्हाळांनी ब्रेक दाबला. डब्याची पिशवी अडकवलेला एक सायकलवाला आमच्या डाव्या दाराला जवळजवळ घासून पुढे गेला. पुढे जाऊन त्याने मागे वळून एक शिवी हासडली आणि पॅडल मारत निघून गेला.

सिद्धेशला तर हवंच होतं. "बघा सर! टॉपचा हाच फायदा. बेस किंवा मधल्याला हे नाही."

ओव्हाळांचे हात स्टीअरिंगवर तसेच होते. त्यांनी विचारलं, "आणि कॅमेऱ्यावर चिखल बसला तर?"

"पुसायचं सर. गाडीत फडकं देतोच आपण."

परतताना सिद्धेशने गाडी चालवली. शोरूमसमोरच्या टपरीवर चहा घेताना ओव्हाळ ग्लास दोन्ही हातांत फिरवत होते. मग म्हणाले, "काचबिंदू आहे, राव. डाव्या डोळ्याचं जवळजवळ गेलंय. उजव्याचीही कड आत सरकत चाललीय. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाही. पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, थेंबांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवायची नाही म्हणाल्या."

"कधी?"

"दीड वर्ष झालं. एका दारावरचा ओरखडा माझ्याकडून सुटला. पुढच्याने पकडला म्हणून बरं. त्याला वाटलं, ओव्हाळ आज घाईत आहे. मला कळलं, मला तो दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज टाकला."

"घरी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "टॉप घेतली तर चालवता येईल असं वाटलं होतं. जे मला दिसत नाही ते गाडीला दिसेल. आणि आज दिसलंच की तिला." त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. "पण ही चिखलाची गाडी आहे. फवाऱ्यातून बाहेर आली की सेन्सरवर पाण्याचा थेंब राहिला तरी पडद्यावर यायचं, यंत्रणा तात्पुरती बंद. रोज बघायचो. पहिल्याच ओढ्यात सगळं बरबटणार. मग गाडी सरळ सांगते, आता तुमचं तुम्ही बघा."

मला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. मी म्हणालो, "मी बसत जाईन ना तुमच्या डावीकडे. सांगत राहीन."

"आजचा सायकलवाला तुम्हाला दिसला होता?"

मी डाव्या खिडकीशी बसलो होतो, आणि मला तो दिसला नव्हता. मी पडद्याकडे बघत होतो. तसं मी सांगितलं. ओव्हाळांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहाचे पैसे द्यायला उठले.

घरी सांगा, एवढंच मी जाताना म्हणालो. पण आठवडाभर समोरच्या दारातून काही वेगळं ऐकू आलं नाही. रोज सकाळी वहिनींना मागे बसवून ते स्कूटरवर निघताना दिसायचे आणि मी गॅलरीतून आत यायचो. आपण बोलायचं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारला आणि रोज उद्यावर टाकला.

पुढच्या रविवारी बुकिंगला मला बोलावलं. टेबलाशी वहिनी, मिनल, ओव्हाळ आणि मी. समोर सिद्धेश. त्याने अर्ज भरायला घेतला. "टॉप ना सर? रंग कुठला?"

"मधलं," ओव्हाळ म्हणाले.

"बाबा! तुम्हीच टॉप टॉप करत होता ना? मी तर तयार झाले होते."

"मधल्याला फोर बाय फोर आहे. डावीकडे, पुढच्या सीटसमोर धरायला दांडा आहे. चढायला पायरीही देतात. बास झालं." मग ते मिनलकडे बघून म्हणाले, "गाडी तू चालवणार आहेस. मला बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं."

सिद्धेशचं पेन थांबलं. तो उठला आणि, "मी पाणी सांगतो," म्हणत बाजूला गेला. भला माणूस.

वहिनी आधी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मग ऑपरेशन करू की. मोठ्या जाऊबाईंनी नाही का केलं? दोन दिवसांत टीव्ही बघायला लागल्या."

"तो मोतीबिंदू, कस्तुरा. हे तसं नाही. गेलेलं परत येत नाही."

त्यांना ते पोचायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "दीड वर्ष? आणि रोज मला मागं बसवून पिंपरीच्या बाजारात नेत होता? त्या गर्दीतनं?"

"हळूच चालवत होतो."

"हळूच!" त्यांनी पर्स टेबलावर आपटली. "आणि भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"आठ दिवसांपूर्वी कळलं," मी म्हणालो.

"आठ दिवस! आठ दिवस मी बसले की हो त्या स्कूटरवर."

मिनलने हात पुढे केला आणि ओव्हाळांनी, न विचारता, खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. वहिनी तोंड फिरवून रडत होत्या. सिद्धेश पाणी घेऊन आला, तेव्हा मिनलनेच त्याला सांगितलं, "मधलं लिहा. रंग बाबा सांगतील."

गाडी सात आठवड्यांनी आली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही मावळात गेलो. मिनल चालवत होती, ओव्हाळ डावीकडे दांडा धरून, वहिनी आणि मी मागे. पवनेच्या पलीकडे डांबर संपलं आणि ट्रॅक्टरांनी खोल केलेली दोन चाकोऱ्यांची वाट टेकडीवर चढू लागली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. अर्ध्या चढावर एक चाक चरात उतरलं, गाडी कलली आणि मिनलने घाबरून इंजिन बंद केलं.

"अगं, पाय उचलून घ्यायचा," ओव्हाळ म्हणाले. "दाबतेस काय?"

"मला पुढची चाकं दिसतच नाहीयेत बाबा. नुसतं बोनेट आणि आभाळ. तुम्ही बसता का?"

तिथे ना सायकलवाला येणार होता, ना कोणी बघणार होतं. पन्नास पावलांची वाट. ओव्हाळांनी एकदा तिच्या हातातल्या स्टीअरिंगकडे पाहिलं.

मग दार उघडून ते उतरले. बोनेटला हात लावत पुढे गेले आणि दहा पावलांवर, तोंड गाडीकडे करून, चिखलात उभे राहिले. दोन्ही हात वर केले.

"माझ्या हाताकडे बघ. दुसरीकडे बघू नकोस. चालू कर."

उजवा हात हलला, चाक तेवढंच वळलं. तळहात समोर आला, गाडी थांबली. बोटांनी हळूच बोलावलं, तसं ते चाक चराच्या कडेवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. ते एक पाऊल मागे सरकायचे, गाडी एक पाऊल पुढे यायची. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "अहो, मागं दगड आहे!"

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या. तुमच्या डाव्या!"

त्यांनी डावा पाय मागे नेऊन दगड चाचपला, त्याला वळसा घातला आणि मिनलला पुन्हा पुढे बोलावलं.