ओट्याखालचा मान

दोन हजार तेवीस साल. अधिक श्रावण. सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलेलं, आभाळ रोज भरायचं आणि रोज रिकामं जायचं. साल, महिना, सगळं पक्कं ध्यानात आहे. कारण त्या महिन्यात मी स्वतःची जी शोभा केली, तशी सत्तर वर्षांत केली नव्हती.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा आला की सांगायला सुरुवात करतो, मग माझ्या तोंडाकडं बघून कुणी हसायचं नाही.

मी चौथी शिकलो. पण मानपान मला कुणी शिकवायची गरज नाही. अधिकाचा महिना म्हणजे जावयाचा महिना. सासरचे बोलावतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात, कपडे करतात. जावयाच्या बापालाही मान असतो. जास्त नाही, टॉवेल आणि टोपी. आमच्या भागात टॉवेल-टोपी म्हणजे नुसतं कापड नव्हे. चार माणसांत खांद्यावर टॉवेल पडला, डोक्यावर टोपी आली, की माणूस मोजला गेला. नाही आली, तर तो माणूस तिथं गेलाच नव्हता असं समजायचं!

माझा मुलगा महादेव. त्याची सासुरवाडी नांदेडची. सुनेचे वडील, म्हणजे माझे इवाई, नागनाथअप्पा, भांड्यांचे दुकानदार. शहरातले, पण पांढरी टोपी कधी सोडली नाही. कडक इस्त्रीची. सूनबाई शीतल एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "अप्पांचं उघडं डोकं मी बी कधी पाह्यलं न्हाई, मामा." हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

भाड्याची जीप करून आम्ही रेणापूरकडून निघालो. मी, महादेव, सूनबाई आणि आमची मंडळी. गाडीत मी मंडळींना एकदाच सांगितलं.

"माझा मान झाला तर जेवीन. न्हाई झाला तर पाटावरून उठून गाडीत बसीन."

"आवो, सुनंचं माहेर हाय. तुम्ही न जेवता उठला तर त्या पोरीनं पुन्हा कोणत्या तोंडानं माहेरी यायचं?"

"ते इवायानं बघावं."

मंडळी खिडकीबाहेर बघायला लागल्या. पण बाईमाणूस ते. उतरल्या उतरल्या इहीणबाईंच्या कानाला लागल्या. मला वाटलं, लुगड्याचं बोलत असतील.

अप्पांनी घर नवं घेतलेलं. आल्या आल्या मला स्वयंपाकघर दाखवायला नेलं. आता पुरुषमाणसानं पुरुषमाणसाला स्वयंपाकघर दाखवायचं, ही काय रीत झाली? पण अप्पांना भारी कौतुक. हा कप्पा ओढला की ताटं बाहेर. तो ओढला की तेलाचे डबे बाहेर. ढकललं की सगळं आत.

"आन् इवाई, ही सिंकाच्या खाली..."

"ठाऊक हाय," मी म्हणालो.

"तुमच्याकडं हाय?"

"बघितलंय. चला."

बघितलं काय होतं? कपाळ! पण मी शेतकरी माणूस, दुकानदाराकडून किती वेळ शिकवून घेणार? तिथं अर्धं मिनिट थांबलो असतो, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

मग कार्यक्रम सुरू झाला. महादेवाला ओवाळलं, कपडे दिले, चांदीचा दिवा दिला. मंडळींना इरकल लुगडं दिलं. शेजारचे चार लोक बसलेले. मी ताठ बसलो. आता माझी पाळी.

अप्पा म्हणाले, "इवाई, हातपाय धुऊन घ्या. मग बसू."

बस्स! एवढंच. मग बसू. माझ्या अंगाची आग झाली. पण हात धुवायला तर उठावंच लागणार. बाहेरच्या नळावर पोराटोरांची गर्दी, म्हणून मला स्वयंपाकघरात पाठवलं. आत कुणी नव्हतं. मी हात धुतले, चूळ भरली, आणि वळलो.

आणि काय बघतो!

ओट्याखालून एक चकचकीत स्टीलची दांडी बाहेर आलेली. थेट माझ्या कमरेपर्यंत. जणू कुणी हात पुढं करून उभं आहे. आणि त्या हातावर व्यवस्थित घडी घालून टॉवेल. पांढरा, हिरव्या काठाचा, दिसायला कोरा.

माझा राग तिथंच उतरला. म्हटलं, वा रे अप्पा! दुकानदार माणूस. मानसुद्धा दुकानासारखा मांडून ठेवला. गर्दीत ढकलाढकल नको, पाहुण्यानं हात धुवावेत आणि आपला मान आपण उचलावा. शहरातली रीत. मघाशी हीच दांडी दाखवत होता बिचारा, आणि मी ऐकून घेतलं नाही.

टॉवेल उचलला. झटकला. खांद्यावर टाकला. आणि बैठकीत येऊन पाटावर बसलो.



इहीणबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तोंडावर पदर गेला. शीतलच्या हातातला डाव खाली पडला. अप्पा अर्धे उठले.

"इवाई, त्यो टॉवेल..."

इहीणबाईंनी मागून त्यांना असं कोपर हाणलं की मला त्याचा आवाज आला.

"...शोभून राहिला तुम्हाला," अप्पा म्हणाले.

मी मान हलवली. पण अर्धा मान घेऊन गप्प बसणारा मी नव्हे. शेजारचे चार लोक बघत होते.

"टॉवेल झाला," मी म्हणालो. "टोपी?"

अप्पांनी इहीणबाईंकडं बघितलं. इहीणबाईंनी शीतलकडं बघितलं. शीतलनं जमिनीकडं बघितलं. मी पाटाच्या कडेला हात टेकला, उठणाऱ्या माणसासारखा.

आणि नागनाथअप्पांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवली.

अप्पांच्या कपाळावर टोपीची रेघ. रेघेच्या खाली उन्हानं रापलेलं, वर पांढरंफटक, लहान लेकराच्या टाळूसारखं. शेजारी एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, माझ्या मानाकडं बघतात. टोपी माझ्या कानांवर आली होती, पण म्हटलं, चालायचंच. मोठ्या माणसाची टोपी मोठीच असणार.

मग जेवलो. पाच धोंडे खाल्ले. खोटं कशाला बोलू, सात खाल्ले. ताटं तेवढी ओली वाढली होती. धोंड्याखाली पाणी. इहीणबाई सारख्या पदराला हात पुसत होत्या. मी मनात म्हटलं, घर नवं घेतलं, पण पुसायला एक फडकं नाही!

निघताना अप्पा उघड्या डोक्यानं जीपपर्यंत आले. हातात पिशवी. आत धोतरजोडी, सदऱ्याचं कापड, आणि वर तुऱ्याचा गुलाबी फेटा.

"इवाई, हे बी घ्या."

"मान झाला माझा."

"आवो, पण ह्यो तुमच्यासाठीच काढून..."

"अप्पा, आम्ही एकदाच घेतो. दोनदा घ्यायला आम्ही हावरट न्हाई."

पिशवी परत केली. काय रुबाब वाटला म्हणून सांगू! गाडी लोह्याला आली. मग मंडळी हळूच म्हणाल्या, "फेटा तुऱ्याचा होता आवो."

"गप बसा."

पुढचे तीन महिने तो टॉवेल माझ्या खांद्यावरून उतरला नाही. शेतात, बाजारात, रेणापूरच्या तहसीलात, सगळीकडं. आमच्या गल्लीत बाबुराव आहे. माझ्या वयाचा, आणि जन्मापासून माझ्या वाईटावर. पारावर बसलो की त्यानं टॉवेल चाचपलाच.

"तात्या, आखूड हाय जरा."

"शहरात घरंच आखूड. टॉवेल कुठून लांब येणार?"

"आन् ह्यो पिवळा डाग?"

"हळदीचा. शुभकार्याचा मान हाय. हळदीचं बोट लावूनच देतात."

बाबुरावनं नाक जवळ नेलं. "लिंबाचा वास मारून राहिला."

"अत्तर."

"लिंबाचं?"

"नांदेडात मिळतंय."

"आन् ही कोपऱ्याला नाडी कशाला?"

"खुंटीला अडकवायला. तुझ्या इवायानं नाडीचा टॉवेल दिला का कधी?"

बाबुरावनं टॉवेल सोडला. त्याच्या इवायानं त्याला साधा पंचा दिला होता. त्या दिवशी मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दिवाळी आली. महादेवानं घरात नवा ओटा बांधायला काढला. लातूरहून मिस्त्री आणला. मी दारात खुर्ची टाकून बसलो, लक्ष ठेवायला. टॉवेल खांद्यावर होताच. मिस्त्री सिंकाखाली आडवा झाला, चार स्क्रू पिळले, आणि बाहेर येऊन एक दांडी ओढली.

चकचकीत. स्टीलची. ओढली की बाहेर, ढकलली की आत.

मला आनंद झाला. म्हटलं, महादेवानं सासुरवाडीची रीत उचलली. आता आपल्याही घरी पाहुण्याचा मान असाच मांडायचा.

"मिस्त्री, ह्याचं काय करायचं, ठाऊक हाय का तुला?" मी परीक्षा घेतली.

"हाव. भांडी पुसायचा ओला टॉवेल वाळत टाकायचा, तात्या. ओट्यावर पडला की कुबट वास मारतो. इथं वाळतो बी आन् दिसत बी न्हाई."



मिस्त्रीनं माझ्या खांद्याकडं बघितलं. "असलाच असतो बघा. हिरव्या काठाचा, नाडीवाला." आणि हात पुढं केला. "द्या की जरा. दांडीवर बसतो का बघतो."

माझा हात टॉवेलवर गेला, आणि तिथंच राहिला. हळदीचं बोट. लिंबाचं अत्तर. खुंटीची नाडी. एकेक करून सगळं डोळ्यांपुढून गेलं. ओली ताटंसुद्धा.

सूनबाई परातीत पीठ मळत होती. मळून झालेलं पीठ पुन्हा मळत होती.

"शीतल."

"जी मामा."

"तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"तुझ्या अप्पाला?"

"समद्यांना."

"मग तीन महिने तोंड का उघडलं न्हाईस?"

तिनं वर बघितलं नाही. "तुम्हाला कोण बोलणार, मामा?"

हे मात्र लागलं. खोटं असतं तर ओरडलो असतो.

मग तिनं हळूहळू सांगितलं. मी न जेवता उठणार, हे आमच्या मंडळींनी तिच्या आईच्या कानावर घातलं होतं. फेटा, धोतर, सगळं आतल्या खोलीत पलंगावर मांडून ठेवलेलं. मी हात धुऊन आलो की चार माणसांत मला फेटा बांधायचा, असं ठरलेलं. त्यासाठीच हात धुवायला पाठवलं होतं! पण मी टॉवेल घेऊन आलो. आता फेटा काढावा, तर टॉवेल कशाचा हे सांगावं लागणार. ते सांगितलं, तर मी उठणार.

"अप्पा नंतर म्हणाले," शीतल म्हणाली, "टोपीचं काय एवढं? माझ्या एका टोपीत पोरीचं माहेर ऱ्हायलं."

मी उठून परसात गेलो. टॉवेल स्वतः धुतला. तीनदा धुतला. हळद गेली नाही. अप्पांची टोपी पेटीत होती, ती काढली. रेणापूरला नेऊन दोन्हींना इस्त्री करून घेतली. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "तात्या, फडक्याला बी इस्त्री?" त्यालासुद्धा कळत होतं.

भाऊबीज झाल्यावर एसटीनं एकटाच नांदेडला गेलो. अप्पांना कळवलं होतं, दुपारी येतो, शेजारच्यांनाही बोलवा म्हणून. दार इहीणबाईंनी उघडलं. अप्पा बैठकीत होते, शेजारचे तेच चार लोक होते. चार माणसांत घेतलं होतं, ते चार माणसांतच द्यायचं होतं.

"हात धुतो," मी म्हणालो, आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो.

दांडी बाहेरच होती. तिच्यावर नवा टॉवेल. आणि टॉवेलला दोन चिमटे, कपडे वाळत घालायचे. एक या टोकाला, एक त्या टोकाला. घट्ट.

पाहुणे येणार म्हणून घर सावध झालेलं!

रागावण्याचा मला काही हक्क नव्हता. मी दोन्ही चिमटे काढून ओट्यावर ठेवले. शेजारची दुसरी दांडी ओढली, तिच्यावर माझा टॉवेल टाकला. घडी सारखी केली. हळदीचा डाग आतल्या बाजूला घेतला. चिमटे नव्हते, त्यामुळं दोन्ही दांड्या नीट आत गेल्या.

बैठकीत आलो. पिशवीतून टोपी काढली. अप्पांनी टोपीकडं बघितलं, मग माझ्याकडं.  डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली केली.

मी टोपी दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर ठेवली. कपाळावरच्या रेघेवर बरोबर बसली.

मग पाट मांडले. इहीणबाईंनी वाढलं.

ताट कोरडं होतं.