भुवयांच्या मधली जागा

राजूरला गणपतीच्या वाटेवर माझं नारळ-दूर्वांचं दुकान आहे. चतुर्थीला भक्तांची रीघ लागली की मला किळस येते. दुकानदारानं असं बोलू नये, पण येते. नारळाचं पाणी पायाखाली आंबलेलं, त्यावर माशा, आणि दर्शन घेऊन आलेली माणसं माझ्याच ओट्यावर गुटख्याची पिचकारी मारून वर 'मोरया' म्हणतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

ह्याच वाटेवर नऊ-दहा वर्षांची एक पोरगी गंधाची ताटली घेऊन फिरते. आई कापूस वेचायला जाते, ही कपाळं शोधते. लोक चिलट हाकलावं तसं तिला हाकलतात. कुणी मान झटकतं, तर कुणी हौसेनं गंध लावून घेतं आणि तिच्यादेखत तिचं बोट लागलेली जागा रुमालानं खसाखसा पुसतं. ऊन फार झालं की ती माझ्या दुकानामागं पाणी प्यायला येते. एकदा मी विचारलं, "एवढं टाकून बोलून राह्यले लोक, रडू न्हाई येत का गं तुला?"

"आधी यायचं, मावशी. रातीला झोपच लागंना, समदी तोंडं दिसायची. आता मी तोंडाकडं बघतच न्हाई. निस्ती भुवयांच्या मधली जागा बघायची. मंग मानूस दिसत न्हाई."

मला तिचं कौतुक वाटलं. आणि एवढ्याशा जिवाला हे असलं शिकावं लागलं म्हणून तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या अंगारकीला ती दुपारी धापा टाकत आली. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं, गंध लावायचं बोट टम्म सुजलेलं. शर्टावर गंधाचा थेंब पडला म्हणून कुणा माणसानं ते धरून पिरगाळलं होतं. तिला घेऊन मी शेजारच्या हॉटेलात बर्फ मागायला गेले, तर तिथं पांढऱ्या शर्टातला एक माणूस खिशावरचा भगवा डाग ओल्या हातानं चोळत भजी खात बसलेला. मी सरळ त्याला धरलं. तर चोराच्या उलट्या बोंबा!

"देवाच्या दारात खोटा आळ घेता का? विचारा तिलाच, मी होतो का!"

सगळं हॉटेल गोळा झालं. तिनं फक्त एकदा 'हाच' म्हणावं, बाकी मी बघून घेतलं असतं. पोरीनं मान वर केली, पण तिची नजर सवयीनं त्याच्या भुवयांच्या मधोमध जाऊन थांबली.

"मला न्हाई म्हाईत," ती हळूच म्हणाली. "मी तोंड बघत न्हाई कोनाचं."

लोक हसले. एक बाई म्हणाली, "दुकानवालीनंच शिकवून आनलंय तिला." पांढरा शर्ट घटकेत साधुसंत झाला.

"जाऊ द्या, लेकरू हाय. माफ केलं मी," असं म्हणून त्यानं कपाळ पुढं केलं. "चल, लाव गं गंध."

भज्याच्या तेलाचा वास आणि ती माफी, दोन्ही माझ्या घशाशी आलं. मी "नको लावू" म्हणून ओरडले, पण माझं कोण ऐकतंय. पोरीनं ताटली उजव्या तळव्यावर तोलली आणि डावा हात उचलला.

"अगं अगं! डाव्या हातानं? देवाचं गंध हाय ते!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं.

आता मात्र एकजात सगळ्यांना धक्का बसला. इतका वेळ ते सुजलेलं बोट सगळ्यांच्या समोर होतं, त्याबद्दल एकाच्याही तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

तिनं मुकाट्यानं ताटली डाव्या हातात घेतली, सुजलेलं बोट गंधात बुडवलं आणि त्याच्या कपाळावर एक सरळ रेघ ओढली.