मशीन बोलना नाय

करवतकाका मशीनची तक्रार घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगायचे. शनिवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्यांचा फोन ठरलेला. "बाय, मशीन बोलना नाय गो."

घाटकोपरला माझं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. काका मुलुंडला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एकटे राहायचे. मूळचे मालवणकडचे, कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले. मागच्या पडवीत त्यांनी टेबल करवत बसवली होती. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार आणि दोघांना जोडणारा पट्टा. तिच्यावर ते पाट आणि स्टुलं करायचे आणि कुणी मागितली नाहीत तरी वाटायचे. माझ्या दुकानात तीन स्टुलं आहेत. बसणारी मी एकटी.

मी आधी फोनवर विचारते, मगच निघते. मोटार नुसती घुमते, फिरत नाही? कंडेन्सर गेला. लाकडात शिरलं की पातं अडखळतं? पट्टा सैल. लाकूड करपतं? धार गेली. बऱ्याच तक्रारी फोनवरच मिटतात. काकांची एकही मिटली नाही.

"पट्टा बघितलात?"

"बघितलंय."

"मग घट्ट करा की."

"माका कसा जमतला? तू ये मां."

जन्मभर करवत चालवलेला माणूस हे म्हणायचा. मी हत्यारांची पिशवी उचलायचे.

गेल्यावर मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. "आधी चाय, मगे मशीन." दोन कप आधीच मांडलेले असायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. इमारत पुनर्विकासाला निघाली होती, एकेक बिऱ्हाड हलत होतं. "वरचो तो आवाजाची तक्रार करूक येय," काका एकदा म्हणाले, "तो पण गेलो. आता भांडूक पण कोण नाय."

एका शनिवारी मोटार अजिबात हलेना. उघडून बघते तर कंडेन्सरची वायर सुटलेली. जळलेली नव्हे, तुटलेली नव्हे. तिचा स्क्रू फळीवरच्या वाटीत नीट ठेवलेला.

"काका, हा वाटीत कसा?"

"घामानं सुटलो असतलो."

"स्क्रूला घाम येत नाही."

"मुंबईत येता."

दुकानात दोन मोटारी खोळंबल्या होत्या. चार शब्द सुनवावेत असं मनात आलं होतं. मी वायर जोडली आणि म्हटलं, "पुढच्या वेळी काढाल तेव्हा कंडेन्सरला हात लावू नका. मशीन बंद असलं तरी तो झटका देतो."

"बरां गो," काका कपात बघत म्हणाले.

शेवटी त्यांचीही खोली रिकामी झाली. मुलगी त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. तिचं घर टॉवरमध्ये, तिथे करवत कुठे लावणार? करवत माझ्या दुकानात आली. "मधीमधी चालव," काकांनी बजावलं, "नायतर जाम होतली." मी ती पूर्ण उघडून तपासली. तिच्यात काहीही बिघाड नव्हता.

पुढच्या शनिवारी फोन आला. "मशीन कसा आसा?"

"एकदम झकास," मी म्हणाले.

"बरां," ते म्हणाले. "मगे ठेवतंय." आणि ठेवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी विचारायच्या आत मी करवत चालू केली आणि फोन मोटारीजवळ धरला. "ऐका जरा. बेअरिंग घासतंय का?"

घासत नव्हतं. काकांनी बराच वेळ ऐकलं. "घासता! ग्रीस घाल गो. आणि पट्टो बघ. आणि पात्याचो नट..." मी स्टुलावर बसून सगळं ऐकून घेतलं. नसलेला बिघाड गिऱ्हाइकाला मी कधी सांगितला नाही. काकांसाठी मात्र दर आठवड्याला एक शोधून ठेवत गेले.

मग एकदा आठवड्याच्या मधल्याच दिवशी त्यांच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती मुलगी. काका झोपेतच गेले होते. मी बोलले, फोन ठेवला, हातातल्या मोटारीचं तारेचं वाइंडिंग पूर्ण केलं.

शनिवारी शटर उघडलं. चालवत राहा म्हणाले होते, म्हणून करवतीचं बटण दाबलं. मोटार घुमली, फिरली नाही. कंडेन्सर. या वेळी खरंच गेलेला.

नवा कंडेन्सर समोरच्याच कपाटात होता. मी आधी चहा ठेवला.