बटणातली आस्टा

डेन्मार्कमधल्या मोर्स बेटावर कुणाला नांगरलेल्या शेतात जुनं नाणं सापडलं की पहिला फोन टॉर्किलला जातो आणि दुसरा संग्रहालयाला. हे उलटं आहे, सगळ्यांना कळतं. पण नाण्याबरोबर चांगला फोटो द्यावा लागतो, आणि तो काढावा तर टॉर्किलनंच. उभा जन्म दुधाचा टँकर चालवण्यात गेलेला हा माणूस, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीची खिडकी काळ्या कापडानं झाकून बसतो आणि नखाएवढ्या चांदीवरची पुसट दाढी अशी उठवतो की राजा आत्ताच न्हाव्याला चुकवून आलाय असं वाटावं.

यात जादू काही नाही. उजेड एका बाजूनं अगदी आडवा सोडायचा, म्हणजे प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. समोरच्या बाजूनं पांढरा पुठ्ठा धरायचा, म्हणजे थोडा उजेड परत फिरतो. कॅमेरा टॉर्किलचा आणि पुठ्ठा त्याच्या बायकोचा, आस्टाचा. लोक कौतुक फक्त कॅमेऱ्याचं करायचे. जगाची रीतच ती.

आस्टा उभी राहायची आणि तो कॅमेऱ्यावर वाकलेला असायचा. मान वर न करता बोलायचा.

“पुठ्ठा हलतोय.”

“मीपण हलतेय. जिवंत बाई आहे मी.”

“दोन्ही हातांनी धर ना.”

“का, एका हातानं धरला तर राजेसाहेबांना राग येतो?”

“आणि तो लाल स्वेटर काढून ये. चांदीच्या कडेला लाली चढते.”

“चढू दे की. मरून सातशे वर्षं झाली बिचाऱ्याला. जरा रंग आला तोंडावर तर तुझं काय जातं?”

स्वेटर ती काढायची नाही. मग तो फोटो पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. बिघडलेला फोटो घरात ठेवणं त्याला खपायचं नाही. त्या बाबतीत फार कडक माणूस.

या मार्चमध्ये आस्टा गेली. पोटाचा आजार, कळला तेव्हा फार पुढे गेलेला.

टॉर्किलनं टेबलाला एक चिमटा बसवला आणि पुठ्ठा त्यात अडकवला. चिमटा हलत नाही, कुरकुरत नाही, लाल घालत नाही. फोटो पूर्वीपेक्षा स्वच्छ येऊ लागले. आम्ही बेटावरच्या फोटो-मंडळातल्या लोकांनी मूर्खासारखी स्तुती केली, आणि त्यानं आमच्याकडे यायचंच सोडलं. घरी मात्र त्याची सवय सुटेना. कॅमेऱ्यावर वाकला की “जरा वर” म्हणायचा आणि थांबायचा. पुठ्ठा वर जायचा नाही. मग उठून स्वतः सारायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यानं एक छोटं नाणं भिंगाखाली ठेवलं आणि पडद्यावर पाहिलं, तर डाव्या कडेला लाली. मागे वळायची हिंमत होईना. तो म्हणाला, “आस्टा, स्वेटर.” आणि मग वळला. वाऱ्यानं दार उघडलं होतं, आणि दारापलीकडच्या खुंटीवर तिचा स्वेटर तसाच लटकत होता. त्यानं दार लावलं नाही. आणि तो फोटो, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यानं पुसलाही नाही.

त्याच आठवड्यात आस्टाची थोरली बहीण रिग्मोर आली. राय धान्याचा काळा पाव घेऊन येते दर रविवारी, आणि तो कापता कापता टॉर्किलला सोलून काढते.

“टॉर्किल, मला तिचा एक फोटो हवाय. अलीकडचा. लग्नातला नको, त्यात ती मला ओळखू येत नाही.”

“शोधतो.”

“शोधायचंय काय त्यात? अख्ख्या बेटाची नाणी काढलीस, गंजलेले खिळे काढलेस. माझ्या बहिणीचा एक निघेल की.”

निघाला नाही. तिची पाठ वळताच तो बसला तो रात्रीचं जेवणही विसरला. हजारो फोटो. राजे, बिशप, कमरपट्ट्यांची बक्कलं, मोडक्या पिना. जुन्या अल्बमात आस्टा होती, पण हे जवळचं भिंग घेतल्यापासून एकही नाही. घर भरून फोटो आणि घरची बाई कुठेच नाही. त्याला लाज वाटली. इतकी, की रिग्मोरला काय तोंड दाखवायचं ते कळेना.

आणि मग त्याला ते बटण आठवलं.

कुणा जुन्या शेतकऱ्याच्या सणाच्या कोटाचं चांदीचं बटण, घुमटासारखं फुगीर आणि नशिबानं चकचकीत राहिलेलं. संग्रहालयानं ते परत दिलं होतं, फार जुनं नाही म्हणून, आणि ते टॉर्किलच्याच डबीत पडून होतं. अशा बटणात अख्खी खोली दिसते. दोन वर्षांपूर्वी त्यानं त्याचे दोन फोटो काढले, एक आस्टा आत दिसते तो आणि एक तिला बाहेर घालवून काढलेला. आणि मंडळाच्या स्पर्धेला चुकून पहिलाच पाठवून बसला. नाताळच्या जेवणात आम्ही त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट फोटोचं बक्षीस दिलं. हातभर मोठा करून, चौकटीत घालून. आस्टा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. टॉर्किलनं त्याच रात्री घरी जाऊन मूळ फोटो पुसून टाकला. बक्षीस त्यानं नेलं नाहीच, म्हणून आम्ही ते मंडळाच्या खोलीत कॉफीच्या यंत्रावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मंडळाचा प्रमुख प्रेबेन एकटाच कप विसळत होता.

“बघा, कोण आलंय. कॉफी?”

“नको. ते काढून नेऊ का?”

प्रेबेननं वर पाहिलं. चेष्टा जिभेवर आली होती, ती त्यानं गिळली. “तुझंच आहे,” म्हणाला आणि स्टूल ओढून दिलं.

घरी टॉर्किलनं चौकट टेबलावर आडवी ठेवली, वरून कॅमेरा लावला आणि बटणात ती होती तिथवर भिंग आणलं. अंगठ्याएवढी आस्टा पडद्यावर मोठी होत गेली. लाल स्वेटर. कानामागे खोवलेले केस. ती भिंगाकडे पाहतच नव्हती. बाजूला वाकलेल्या एका टकलाकडे पाहून हसत होती. ते टक्कल त्याचं. काम करताना कुणी आपल्याकडे असं बघत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो एकटाच मोठ्यानं हसला आणि रडला.

मग सवयीनं तो कडा तपासायला लागला. पुठ्ठा एकाच हातात. “दोन्ही हातांनी धर ना,” तो पुटपुटला आणि दुसरा हात शोधायला खाली सरकला.

दुसरा हात बरगड्यांखाली होता. नुसता ठेवलेला नव्हता. बोटं स्वेटरात रुतली होती, लोकरीला चुण्या पडल्या होत्या.

फोटो दोन वर्षांपूर्वीच्या शरदातला. डॉक्टरकडे ते गेले त्याच्या पुढच्या शरदात. डॉक्टरनं विचारलं होतं, दुखतंय कधीपासून? आस्टा म्हणाली होती, असेल दोन-तीन आठवडे. आणि शेजारी बसलेल्या टॉर्किलनं मान डोलावली होती, छातीठोकपणे.

एक वर्ष. ओरखड्याची सावली शोधणारा माणूस तो. एक वर्ष तिला म्हणत होता, दोन्ही हातांनी धर.

रविवारी रिग्मोर आली तेव्हा फोटो तयार होता. टॉर्किलनं तो गळ्यापाशी कापला होता. वर चेहरा, केस आणि लाल कॉलर.

रिग्मोरनं तो खिडकीपाशी नेला.

“हीच ती,” म्हणाली. “काय हसतेय बघ. हात कुठे आहेत तिचे?”

“दोन्ही हातांनी पुठ्ठा धरलाय,” टॉर्किल म्हणाला.

“तुझ्यापायी उभी राहायची बिचारी. आवडायचं हं तिला. मला म्हणायची, तेवढा वेळ तो माझ्याशी बोलतो.”

त्यानं तिच्या कपात कॉफी ओतली. रिग्मोर फोटो छातीशी धरून गेली, आणि खोटं बोलल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. हे ओझं एकानं वाहिलं तरी पुरे होतं.

बाहेर उजेड उतरायला लागला होता. त्यानं डबीतून ते बटण काढलं, काळ्या कापडावर ठेवलं. बटणात खोली होती, दिवा होता, तो होता. बाकी काही नाही. चांदी कुणाला लक्षात ठेवत नाही.

त्यानं चिमटा सोडवला, पुठ्ठा हातात घेतला आणि कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावून तिच्या जागी जाऊन उभा राहिला. एका हातात पुठ्ठा, दुसरा बरगड्यांखाली. तिथून त्याला आपली खुर्ची दिसली. कॅमेरा फोटोमागून फोटो घेत राहिला. हात भरून आला, पुठ्ठा थरथरायला लागला.

“हलतोय,” तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. “विचार ना मला, का हलतोय.”

खुर्चीनं विचारलं नाही. त्यानंही इतकी वर्षं विचारलं नव्हतं.