तीन कोण बोललं

सहाला दहा मिनिटं कमी होती तेव्हा अण्णांनी चष्मा मागितला. दोन दिवस चमचाभर पाणीसुद्धा नीट घशाखाली उतरत नव्हतं, पण चष्मा पाहिजे. चिमणीनं तो फडक्यानं पुसून त्यांच्या नाकावर ठेवला. एक दांडी तुटलेली, दोऱ्यानं बांधलेली, ती अडकवताना त्यांचा कान तिच्या बोटांना गार लागला.

"किती वाजले?"

"वाजतील आता सहा."

"मग? सगळे कुठं उलथलेत?"

चिमणी म्हणजे त्यांची लेक. पंचेचाळीस वर्षांची झाली, केस पिकले, तरी घरात चिमणीच. डॉक्टर सकाळी येऊन गेला होता. दाराबाहेर चपला घालता घालता म्हणाला, "आजची रात्र निघेल असं वाटत नाही. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." बोलवायचं एकालाच होतं. तिचा दादा. मालाचे मोठे ट्रक चालवायचा, कायम बाहेर. दुपारी दोनला त्याचा फोन आला, "वाटेत आहे चिमणे, सहापर्यंत पोचतो, धरून ठेव त्यांना." धरून ठेव, जसं काही अण्णा म्हणजे बसमधली जागा. तिनं लगेच अण्णांच्या कानात सांगून टाकलं, "दादा येतोय, सहापर्यंत येतोय." आणि त्यानंतर दादाचा फोन लागेना. तिचा नवरा केव्हाचा चौकात जाऊन उभा होता.

रोज संध्याकाळी सहा वाजता त्या घरात हजेरी व्हायची. अण्णा फौजेतून आले तेव्हापासून, एक दिवस खाडा नाही. अण्णा म्हणायचे एक, आई म्हणायची दोन, दादा तीन, चिमणी चार. पुढं तिचं लग्न झालं आणि नवरा इथंच राहायला आला, त्याला पाच मिळाला. तो म्हणायचा, "नंबर शेवटचा द्या, चहा पहिला द्या." गल्लीतले लोक अण्णांना हजेरीवाले काका म्हणायचे. कुणी मुद्दाम खिडकीतून "सहा!" ओरडायचं, आणि अण्णा आतून ओरडायचे, "तू राखीव! बोलावलं की ये!"

आई सुरुवातीला रुसली होती म्हणे, मी दोन का म्हणून. अण्णा तिला म्हणाले, "एक नंबरवाला आधी जातो, एवढी घाई आहे का तुला?" तरी तीच आधी गेली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता अण्णा भिंतीला टेकून बसले, एक म्हणाले, थांबले, आणि म्हणाले, "दोन, सुटीवर." नंतर सहा वर्षं रोज तसंच.

असा माणूस. हसवायचा नुसता. फौजेतल्या गोष्टी सांगायला लागला की पोट धरून हसावं लागायचं. साहेबाला लाथ मारून वर सलाम ठोकणारं खेचर, बर्फात गोठलेली पँट काठीसारखी उभी करून तिलाच पहाऱ्याला लावली ती रात्र. लढाई पाहिलेला माणूस, पण त्याच्या गोष्टीत कधी कुणी मेलं नाही. पाय घसरून पडायचे सगळे, मरायचं कुणी नाही.

फौजेनंतर ते खोक्यांच्या कारखान्यात फाटकावर लागले. सुटताना कामगार यंत्रात कार्ड घालून जायचे, पण अण्णांचा कार्डावर विश्वास नव्हता. ते एकेकाला तोंडानं बोलायला लावायचे, मगच कुलूप. लोक वैतागायचे. एकदा कार्डं सगळी पुरी, माणूस एक कमी. मालक म्हणाला, लावा कुलूप, मला घरी जायचंय. अण्णा म्हणाले, "तुम्ही जा साहेब, कुलूप नाही लागणार." आणि गोदामात शिरले. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली एक बाई अडकलेली, शुद्ध नाही. तिचं कार्ड मैत्रिणीनं घातलं होतं, तिला वाटलं ही पुढं गेली. बाई वाचली. सगळ्यांनी अण्णांना खांद्यावर घेतलं, तर हे म्हणतात, "खाली उतरवा, चष्मा पडेल." घरी आले आणि जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, भूक नाही. चिमणीला तेव्हा काय कळणार.

एकदाच त्यांनी हात उगारला, तोही तिच्यावर. ती नऊ वर्षांची असेल. दादा सिनेमाला पळाला होता, सहा वाजले, म्हणून तिनंच दाराआडून आवाज जाड करून "तीन" म्हटलं आणि मग पुढं येऊन "चार". अण्णांनी एक ठेवून दिली. मग तिनं पाहिलं तर मारणाऱ्याचाच चेहरा पांढराफटक. "दुसऱ्याचा नंबर घ्यायचा नाही. नाही तर नाही म्हण. कधी घ्यायचा नाही." असं म्हणून अनवाणीच निघाले, दादाला थिएटरातून शोधून आणलं, आणि त्याला काहीच बोलले नाहीत. नुसता त्याचा हात धरून बसले. दादा आपला हसतोय, मार मिळाला नाही म्हणून.

त्या गोष्टी ऐकून ऐकून दादाला फौजेत जायचं वेड लागलं. लागणारच. धावला, पोहला, भरतीत पासही झाला. बोलावण्याचा कागद घरी आला तो अण्णांनी घेतला आणि चुलीत घातला. दादाला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

"जन्मभर हसवलंत आम्हाला! सगळी मजाच होती ना तिथं? मग माझी मजा का जाळलीत?"

अण्णा म्हणाले, "तुझे पाय सपाट आहेत रे." पुन्हा विनोद. त्याला वाटलं आपली टर उडवतात. त्यानं पिशवी भरली आणि गेला. सव्वीस वर्षं. आईच्या वेळी आला, बापाशी न बोलता परत गेला. अण्णा रोज म्हणायचे, "तीन, कामगिरीवर."

खरं काय ते चिमणीला कळलं तीन वर्षांपूर्वी. अण्णांच्या पलटणीत स्वयंपाक करायचा असा एक म्हातारा भेटायला आला होता. अण्णा आत गेले तेवढ्यात त्यानं तिला सांगितलं. डोंगरावरच्या चौकीतून रातोरात उतरायचं होतं. मोजणी तुझ्या बापाकडं. अंधारात बारा आकडे आले, बारा माणसं, चला. एक पोरगा आजारी होता, मागं दगडाआड बसलेला. येतोय तो, उगाच बोलणी नकोत, म्हणून त्याच्या दोस्तानं त्याचा आकडा स्वतःच बोलून टाकला. खाली आल्यावर कळलं. चार दिवस बर्फ, वर जाता आलं नाही. "मग गेलो तेव्हा तो बसलेलाच होता, पोरी. चौकीच्या दाराला टेकून."

अण्णा बाहेर आले, दोघांची तोंडं बघून समजले. म्हातारा गेल्यावर म्हणाले, "दादाला सांगायचं नाही. मोजणारा मी होतो." तिनं शब्द दिला. तीन वर्षं तोंडाला कुलूप.

तर त्या दिवशी सहा वाजले.

"एक," अण्णा म्हणाले. आवाज कसला, नुसती हवा. "दोन, सुटीवर."

आणि थांबले. डोळे दाराकडं. रोज लगेच कामगिरीवर म्हणायचे, आज म्हणेनात, कारण येतोय असं तिनंच सांगून ठेवलेलं. सहा वाजून पाच झाले, दहा झाले. छाती वर व्हायची ती खालीच येईना, आली की पुन्हा वर जाईना. प्रत्येक वेळी वाटायचं हा शेवटचा. नळ ठिबकत होता तेवढाच आवाज. तिनं पुन्हा फोन लावला, नाहीच लागला.

तिला काय वाटलं असेल? गेले तर मोजणी अर्धीच राहील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पूर्ण होऊन जाऊ दे बापाचं. ती पलंगाच्या डोक्याकडं सरकली, त्यांना दिसणार नाही अशी, आणि जाड आवाजात म्हणाली, "तीन."

अण्णांची मान हलली. चष्मा घसरला.

"कोण बोललं?"

तिला खोटं बोलवेना, खरं तर त्याहून बोलवेना. "चार" म्हणायचं होतं, तेही निघालं नाही. त्यांनी दाराकडंच बघत आणखी दोन श्वास घेतले, आणि तिसरा घेतला नाही.

दादा पावणेसातला आला. बूट न काढता आत आला, पलंग पाहिला आणि जमिनीवरच बसला. "वाटेत पूल बंद होता," म्हणाला. तेच तेच दहा वेळा म्हणाला. "पूल बंद होता गं."

अण्णांना नेलं, माणसं येऊन गेली, सतरंजी घडी झाली. तिसऱ्या दिवशी चिमणीनं शब्द मोडला. स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, सगळं सांगितलं. चौकीचं, बारा आकड्यांचं, कागद का जाळला त्याचं. आणि शेवटी आपलं. "मी तुझा नंबर घेतला दादा. त्यांना कळलं. कोण बोललं, असं विचारत गेले ते."

तिला वाटलं चिडेल, बोलेल काहीतरी. त्यानं हातातला कप विसळला, पालथा घातला, मग पुन्हा उचलून पुन्हा विसळला. "एवढं तोंडानं सांगितलं असतं तर," म्हणाला, आणि कप ओलाच फळीवर ठेवला. नवरा दारात आला होता, तो आल्या पावली मागं फिरला. दुसऱ्या दिवशी दादा गाडीवर निघून गेला. जाताना नीट बघितलंसुद्धा नाही तिच्याकडं. ती मनाशी म्हणाली, दादाही गेला.

त्या संध्याकाळी सहा कधी वाजले ते तिनं बघायचं टाळलं. भांडी घासत होती. फोन वाजला, नवऱ्यानं आणून तिच्या कानाला लावला, हात ओले म्हणून.

पलीकडं नुसती गाडी घरघरत होती. मग आवाज आला.

"तीन."

नळ बंद केला तिनं.

"कोण बोललं?"

"मीच, चिमणे. मीच बोललो."

"चार," ती म्हणाली.